होळकर, यशवंतराव

इंदूरच्या होळकर घराण्यात या नावाचे दोन राज्यकर्ते होऊन गेले. तुकोजीराव, मल्हारराव ही नावेही या घराण्यात पुनःपुन्हा येतात. पहिले, दुसरे, तिसरे ही क्रमवारी इतिहासकारांनी सोयीसाठी लावलेली आहे. जुन्या पत्रांत ती आढळत नाही, त्यामुळे संदर्भ पाहताना आधी साल तपासावे.

यशवंतराव (पहिले) (१७७६–१८११) : तुकोजी होळकरांचे पुत्र. जन्म वाफगाव (ता. खेड, जि. पुणे) येथे. ते व त्यांचे बंधू विठोजी यांच्या मातेच्या दर्जाविषयी मतभेद आहेत. १७९७ मध्ये तुकोजी वारल्यावर काशीराव व मल्हारराव या भावांत तंटा लागला. दौलतराव शिंद्यांनी काशीरावांची बाजू घेऊन पुण्यात मल्हाररावांच्या छावणीवर छापा घातला. त्यात मल्हारराव मारले गेले. यशवंतराव नागपूरकर भोसल्यांकडे गेले, तेथे कैदेत पडले आणि निसटले. पुढे माळव्यात त्यांनी अमीरखानाच्या साथीने फौज उभारली. एप्रिल १८०१ मध्ये पेशवा दुसऱ्या बाजीरावाने विठोजींना पुण्यात हत्तीच्या पायी दिले.

हडपसरची लढाई : पुण्यावरील स्वारीमागे विठोजींचा सूड होता की होळकरांच्या दौलतीवरील हक्क, यावर एकमत नाही. शिंद्यांच्या ताब्यातील मल्हाररावांचा लहानगा मुलगा खंडेराव याची सुटका व्हावी, ही मात्र यशवंतरावांची ठाम मागणी होती. ती मान्य झाली नाही. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी, दिवाळीच्या सणात, हडपसर, घोरपडी व वानवडी यांच्या दरम्यानच्या माळावर दोन्ही सैन्ये भिडली. शिंदे–पेशव्यांच्या बाजूला सदाशिवराव बक्षी व कॅप्टन डॉसच्या कवायती पलटणी होत्या. यशवंतरावांकडे व्हिकर्स, हार्डिंग, आर्मस्ट्राँग हे गोरे अधिकारी होते. सकाळी तोफांनी सुरुवात झाली. होळकरांचे घोडदळ एकदा मागे रेटले गेले. तेव्हा यशवंतराव स्वतः घोडेस्वारांसह पुढे घुसले व शिंद्यांच्या तोफखान्यावर तुटून पडले. डॉसच्या पलटणी जागा न सोडता लढल्या आणि तेथेच संपल्या. डॉस पडला, विजयी बाजूचा हार्डिंगही ठार झाला. पेशवे, शिंदे व होळकर यांचे शिपाई एकाच माळावर एकमेकांना कापत होते, ही मराठी राज्याच्या अखेरच्या पर्वातील सर्वांत क्लेशकारक गोष्ट होय.

तोफा ऐकत पर्वतीकडे वळलेला बाजीराव पराभवाची खबर येताच सिंहगडाकडे निघाला. तेथून तो कोकणात उतरला, जहाजाने वसईस पोचला आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्याने इंग्रजांशी वसईचा तह केला. तैनाती फौज पुण्यात आली ती या तहाने. यशवंतरावांनी बाजीरावाचे दत्तक बंधू अमृतराव यांचे पुत्र विनायकराव यांना गादीवर बसवण्याचा घाट घातला, तो टिकला नाही. मे १८०३ मध्ये इंग्रजांनी बाजीरावाला पुण्यात परत आणले. इंग्रज लेखकांनी यशवंतरावांना बहुधा लुटारू म्हणून रंगवले. पुण्यातील त्यांची खंडणी कठोर होती हे खरे, पण त्या एका शब्दात त्यांचे राजकारण मावत नाही.

१८०४ मध्ये त्यांनी कर्नल मॉन्सनच्या फौजेची दाणादाण उडवली. भरतपूरच्या किल्ल्यावरील जनरल लेकचे चार हल्ले फसले, तेव्हा यशवंतराव तेथील जाटांच्या साथीला होते. डिसेंबर १८०५ मध्ये बियास नदीकाठी इंग्रजांशी तह झाला. यानंतर भानपुरा येथे त्यांनी तोफा ओतण्याचा कारखाना काढला. अखेरच्या वर्षांत मनाचा तोल गेला. मृत्यू भानपुरा येथेच. तेथे त्यांची छत्री आहे.

यशवंतराव (दुसरे) (१९०८–१९६१) : बावला खून प्रकरणानंतर तिसऱ्या तुकोजीरावांना गादी सोडावी लागली, तेव्हा १९२६ मध्ये ते गादीवर आले. शिक्षण इंग्लंडमध्ये. जर्मन वास्तुशिल्पज्ञ एकार्ट मुथेसियस यांच्याकडून त्यांनी इंदूरचा माणिकबाग राजवाडा बांधून घेतला. शिल्पकार ब्रांकुशीचे ते ग्राहक होते. होळकर क्रिकेट संघाने त्यांच्या काळात रणजी करंडक चार वेळा जिंकला, सी. के. नायडू या संघातले. १९४८ मध्ये संस्थान मध्य भारतात विलीन झाले. मुंबईत निधन.

यशवंतराव फणसे : अहिल्याबाईंचे जावई, मुक्ताबाईंचे पती, होळकर नव्हेत, पण नामसाम्यामुळे वरील पहिल्या यशवंतरावांशी गल्लत होते.