माथेरान : मोटारबंदी आणि तिचा भार

ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी १८५० मध्ये माथेरानचा डोंगर पाहिल्यानंतर तेथे मुंबईकर गोऱ्या अधिकाऱ्यांची व धनिकांची उन्हाळी वस्ती वाढत गेली, आणि १९०७ मध्ये आदमजी पीरभॉय कुटुंबाच्या भांडवलावर नेरळहून दोन फूट रुंदीच्या रुळांवरची गाडी वर पोहोचली. तरीही गावातील ये-जा पायी, घोड्यावरून किंवा हातरिक्षातूनच होत राहिली. केंद्र सरकारने २००३ मध्ये माथेरानला पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र, म्हणजे बांधकाम, उद्योग व वाहतूक यांवर विशेष निर्बंध असलेला प्रदेश, घोषित केले, तेव्हा मोटारी गावाबाहेरील दस्तुरी नाक्यावरच थांबवण्याच्या जुन्या शिरस्त्याला कायद्याचे बळ मिळाले.

हा शिरस्ता टिकला तो केवळ निसर्गप्रेमामुळे नव्हे. घोडेवाले, हमाल आणि रिक्षा ओढणारे यांची पोटे त्यावर चालत होती, त्यामुळे तो मोडू न देण्यात गावाचाच स्वार्थ होता. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीने रेल्वेमार्ग उखडला व तो २००७ मध्ये पूर्ववत झाला. २०१९ च्या पावसाने तो पुन्हा खचला आणि नेरळपासूनची गाडी २०२२ च्या ऑक्टोबरपर्यंत बंद राहिली. अशा काळात गाव चालू राहिले, पण त्याची किंमत सर्वांनी सारखी मोजली नाही: लाल मातीच्या चढावर एकाने पुढून दांडी ओढायची व इतरांनी मागून रेटायचे, अशा रीतीने माणसांनीच माणसे वाहून नेली, आणि पर्यावरणरक्षणाच्या गौरवगाथेत या घामाची नोंद क्वचितच झाली.

डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने ई-रिक्षांची चाचणी सुरू झाली, तेव्हा घोडेवाल्यांनी धंदा बुडण्याची भीती व्यक्त केली आणि रस्त्यांवर बसवलेल्या पेव्हर ब्लॉकवरून घोडे घसरतात, ही तक्रारही पुढे आली. उलट मातीचे रस्ते दर पावसाळ्यात वाहून जातात, हेही तितकेच खरे होते. अखेर ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने हातरिक्षा मानवी प्रतिष्ठेला बाधक ठरवून त्या सहा महिन्यांत टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा आदेश दिला, रिक्षा ओढणाऱ्यांचे पुनर्वसन ई-रिक्षांच्या योजनेतून करण्यास राज्य सरकारला सांगितले आणि निधीअभावाची सबब मान्य होणार नाही, असे स्पष्ट केले.