पृष्ठवंश-वक्रता : शस्त्रक्रिया व अंगस्थिती

पृष्ठवंश एका बाजूस झुकून त्याचे मणके पिळले जाण्याच्या विकृतीस पार्श्ववक्रता म्हणतात. निरोगी पृष्ठवंश समोरून सरळ दिसतो. बाजूने पाहिल्यास मात्र तो छातीच्या भागात मागे व कमरेच्या भागात पुढे बाकलेला असतो. या बाकांमुळे मस्तक श्रोणीच्या वर तोलले जाऊन अल्प स्नायुबलाने ताठ उभे राहता येते. शस्त्रक्रियेच्या इतिहासात समोरून दिसणाऱ्या दोषाकडे प्रथम लक्ष गेले; बाजूच्या बाकांचे महत्त्व बऱ्याच अंशी शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या तक्रारींवरून उमगले.

प्राचीन ग्रीक वैद्य ताण देऊन पाठ सरळ करण्याचा प्रयत्न करीत. सोळाव्या शतकात फ्रेंच शस्त्रक्रियाविशारद आंब्र्वाझ पारे यांनी लोखंडी कवच वापरले. मणके एकमेकांशी कायमचे सांधण्याची शस्त्रक्रिया रसेल हिब्ज यांनी न्यूयॉर्क येथे १९११ मध्ये क्षयग्रस्त पृष्ठवंशावर केली व १९१४ मध्ये पार्श्ववक्रतेसाठी योजिली. रुग्णास कित्येक महिने प्लॅस्टरमध्ये पडून राहावे लागे. अमेरिकन विकलांग-चिकित्सकांच्या समितीने १९४१ मध्ये ४२५ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. तीत सांधणी केलेल्यांपैकी सु. एक चतुर्थांश रुग्णांत हाडे जुळलीच नव्हती असे आढळले.

ह्यूस्टन येथील पॉल हॅरिंग्टन (१९११–८०) यांनी बालपक्षाघातामुळे वक्रता आलेल्या मुलांसाठी पोलादी दांडा व आकडे यांचे साधन तयार केले आणि १९६२ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. बाकाच्या अंतर्वक्र बाजूचे मणके या दांड्याने एकमेकांपासून दूर ताणले जात. या पद्धतीचा जगभर प्रसार झाला.

तथापि, सरळ दांडा कमरेच्या खालच्या मणक्यांपर्यंत किंवा त्रिकास्थीपर्यंत नेल्यास तेथील नैसर्गिक बाक नाहीसा होई. या दोषाचे वर्णन डोहर्टी यांनी १९७३ मध्ये, तर मो व डेनिस यांनी १९७७ मध्ये केले. त्यास ‘सपाट पाठ’ असे नाव मिळाले. अशा रुग्णाचे धड पुढे झुकते. ताठ उभे राहण्यासाठी त्यास गुडघे वाकवावे लागतात. पाठ, मान व मांड्या दुखतात आणि दिवस कलेल तसा थकवा वाढतो. सांधणीखालील चकत्या कालांतराने झिजत असल्याने पौगंडावस्थेत शस्त्रक्रिया झालेल्या व्यक्तीस हा त्रास पुष्कळदा तिशी-चाळिशीत जाणवू लागतो. समोरून घेतलेल्या क्ष-किरण चित्रात पाठ सरळ व सांधणी पक्की दिसत असल्याने केवळ त्या चित्रावरून तक्रारीचे कारण कळत नाही. त्यासाठी गुडघे सरळ ठेवून, उभ्या स्थितीत, बाजूने घेतलेले संपूर्ण पृष्ठवंशाचे चित्र आवश्यक ठरते.

व्यायामाने नितंबसंधी व स्नायू कार्यक्षम राहतात. परंतु सांधलेल्या हाडांचा आकार बदलत नाही. तीव्र विकारात सांधलेल्या भागातून पाचरीच्या आकाराचे हाड काढून बाक पुन्हा निर्माण करतात. स्मिथ-पीटरसन यांनी १९४५ मध्ये मणक्यांच्या मागील भागापुरता छेद वर्णिला. टॉमासेन यांनी १९८५ मध्ये वर्णिलेल्या छेदात मणक्याच्या मुख्य भागातूनही पाचर काढतात. त्यामुळे एका ठिकाणी सु. ३०° सुधारणा होते. रक्तस्राव, तंत्रिकांना इजा, दांडा मोडणे व हाडे न जुळणे हे धोके असल्याने रुग्णाचा त्रास व संभाव्य लाभ तोलूनच निर्णय घेतात.

कोत्रेल व द्यूबूसे यांनी १९८० नंतरच्या दशकात फ्रान्समध्ये प्रचारात आणलेल्या पद्धतीत दांडे नैसर्गिक बाकानुसार वाकविता आले. पुढे मणक्यांत बसविलेल्या स्क्रूंमुळे पकड अधिक दृढ झाली. श्रोणीची ठेवण व्यक्तिपरत्वे भिन्न असून तीवर कमरेचा आवश्यक बाक अवलंबून असतो, हे १९९० नंतरच्या संशोधनात स्पष्ट झाले. त्यामुळे प्रौढांच्या शस्त्रक्रियेपूर्वी बाजूकडील तोलाचे मापन केले जाते आणि यशाचा निर्णय करताना बाकाच्या अंशांबरोबरच वेदना व दैनंदिन हालचाली यांविषयीचे रुग्णाचे निवेदनही विचारात घेतले जाते.