कर्णबधिरांचा कान होणारे पिल्लू
रात्री बाळ रडले वा दाराची कडी वाजली, तरी कर्णबधिर मातेस ते कळत नाही. ब्रिटनमधील 'हिअरिंग डॉग्ज फॉर डेफ पीपल' ही संस्था १९८२ पासून अशांसाठी श्वान घडवीत आहे. खरी जडणघडण मात्र शिकवणीपूर्वीची. तिसऱ्या ते साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लाने जे पाहिले-ऐकले, त्याची भीती पुढे सहसा वाटत नाही. म्हणून ते स्वयंसेवकाच्या घरी वाढवून मुले, वाहने, गर्दी त्याच्या अंगवळणी पाडतात. पितळी भांड्यांच्या भंडाऱ्यात खणखणाटाची वाण नाही. आठवडी बाजारही आहेच. लसीकरण पूर्ण होईतो मात्र पिल्लू कडेवरच हवे. शिकलेला श्वान नाकाने वा पंजाने स्पर्श करून आवाजाकडे नेतो. आगीची घंटा वाजल्यास न नेता जागीच आडवा होतो.