पाण्याखालचे फोटो हिरवे का येतात? मालवणला कॅमेरा घेऊन उतरण्याआधी हे वाचा

तारकर्ली-मालवणला स्कूबा करून आलेल्या मित्रांचे व्हिडिओ तुम्ही पाहिलेच असतील. मासे भरपूर, पण सगळं हिरवट आणि धूसर. मी एकलहऱ्यात राहतो, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. नाशिकहून मालवण काही जवळ नाही, त्यामुळे एका फेरीत बरे फोटो मिळावेत म्हणून मी यामागचं तंत्र नीट समजून घेतलं. तेच इथे सोप्या भाषेत मांडतो.

रंग कुठे जातात?

पाणी लाल रंग सगळ्यात आधी शोषतं. साधारण ५ मीटरवरच लाल मासा राखाडी-तपकिरी दिसायला लागतो. यात फक्त खोली धरून चालत नाही. माशापासून कॅमेऱ्यापर्यंतचं पाणीही रंग खातं. म्हणून पहिला नियम: झूम करू नका, जवळ जा. शक्यतो १ मीटरच्या आत.

थंड समुद्र आणि आपला समुद्र

कॅलिफोर्नियासारख्या थंड किनाऱ्यांवर तळाचं पोषक पाणी वर येतं, प्लवक वाढतात आणि पाणी हिरवं दिसतं. मालवणचं पाणी उबदार आहे, पण किनाऱ्याजवळ प्लवक आणि गाळ इथेही असतो. त्यामुळे थंड पाण्यातल्या फोटोग्राफरची युक्ती आपल्यालाही चालते: निळ्या पाण्यात लाल फिल्टर, हिरव्या पाण्यात मजेंटा फिल्टर. कॅमेऱ्यात रॉ फॉरमॅट असेल तर तोच वापरा, व्हाइट बॅलन्स नंतर सुधारता येतो.

फरक अंगाला जाणवतो. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता ओढून घेतं. थंड समुद्रात जाड हातमोज्यांमुळे बटणं दाबणं अवघड होतं आणि बॅटरीही लवकर उतरते.

कोणता कॅमेरा?

- आयपी६८ फोन: ही चाचणी गोड्या पाण्यात होते. खाऱ्या पाण्यात नुसता फोन नेऊ नका.
- गोप्रो (हिरो ९ ते १२): तसाच १० मीटरपर्यंत, त्याच्या हाउसिंगसह ६० मीटरपर्यंत.
- ऑलिंपस टीजी-६: तसाच १५ मीटरपर्यंत. मॅक्रो मोडमुळे छोट्या जिवांसाठी उत्तम.

हाउसिंग तपासा

दर १० मीटरला सुमारे १ वातावरण दाब वाढतो, म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर साधारण १ किलो. १० × १० सेंटिमीटरच्या झाकणावर तो १०० किलो होतो! ओ-रिंगवर एक केस किंवा वाळूचा कण राहिला तरी पाणी आत शिरतं. निघण्याआधी घरीच रिकाम्या हाउसिंगमध्ये टिश्यू पेपर ठेवून ते अर्धा तास बादलीत बुडवा. टिश्यू ओला झाला तर कॅमेरा आत ठेवायचाच नाही. मात्र बादलीत दाब नसतो, त्यामुळे ही फक्त प्राथमिक चाचणी.

बोटीवरची दमट हवा आत अडकली की पाण्यात काच धुकटते. त्यासाठी सिलिका जेलची पुडी ठेवा आणि हाउसिंग सावलीत बंद करा. डाइव्ह झाल्यावर गोड्या पाण्यात भिजवा.

लाइट कुठे धरायचा?

लाइट लेन्सला चिकटून असेल तर गाळाचे कण चमकतात आणि फोटोत बर्फ पडल्यासारखे ठिपके येतात. याला बॅकस्कॅटर म्हणतात. लाइट बाजूला, हातभर दूर धरा.

सगळ्यात महत्त्वाचं: श्वास रोखू नका

जमिनीवर फोटो हलू नये म्हणून आपण नकळत श्वास रोखतो. स्कूबा करताना ही सवय जीवघेणी ठरू शकते. १० मीटरवर फुप्फुसात भरलेली हवा पृष्ठभागावर येईपर्यंत दुप्पट फुगते. श्वास रोखून थोडंसं वर आलात तरी फुप्फुसाला इजा होऊ शकते. म्हणून पहिल्या डाइव्हला कॅमेरा प्रशिक्षकाकडेच राहू द्या. चिपीहून विमान पकडायचं असेल तर एका डाइव्हनंतर किमान १२ तास आणि अनेक डाइव्हनंतर १८ तास थांबा.

प्रवाळांवर उभं राहू नका. मालवण सागरी अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झालं, क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर. प्रवाळांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. फोटोसाठी माशांना खायला घालणंही टाळा.

तुमचा फोटो कामाला येऊ शकतो

व्हेल शार्कच्या अंगावरचे ठिपके प्रत्येकाचे वेगळे असतात. २००५ मध्ये संशोधकांनी खगोलशास्त्रात ताऱ्यांचे नकाशे जुळवणारा अल्गोरिदम या ठिपक्यांवर वापरला आणि फोटोवरून एकेक मासा ओळखता येऊ लागला. कधी हा मासा दिसलाच तर अंतर ठेवा आणि कल्ल्यांमागचा भाग, शक्यतो डावी बाजू, सरळ समोरून टिपा. तारीख आणि ठिकाण लिहून ठेवा, कारण ओळख पटवताना दोन्ही लागतात.