पानिपतावर कुणाला वाचवायचं?

वडूजच्या माणसाला बंदुकीची गोळी म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. ९ सप्टेंबर १९४२ रोजी इथल्या मामलेदार कचेरीवर मोर्चा आला. वडगावचे परशुराम घार्गे तिरंगा घेऊन पुढं होते. पोलिसांनी गोळ्या घातल्या. घार्गे पडले, त्यांचे साथीही पडले. हुतात्मा स्मारकापाशी ही हकिगत निघाली की एखादं पोरगं हमखास विचारतं, "गोळी चुकली असती तर?" इतिहासात जर-तर नसतं, असं मास्तर लोक सांगतात. मलाही बी.ए.ला तेच शिकवलं गेलं. पण कवीच्या जातीला हे कधी पटत नाही.

परवा भाची म्हणाली, "मामू, हे बघाच." तिनं लावून दिली ती 'स्टाइन्स गेट' ही जपानी चित्रमालिका, २०११ सालची, २४ भागांची. पहिल्याच भागात नायक एका मुलीला रक्ताच्या थारोळ्यात बघतो आणि थोड्या वेळानं तीच मुलगी धडधाकट समोर येते. मग उलगडतं ते असं, की फोनवरून भूतकाळात निरोप पाठवता येतो. निरोप गेला की सगळी दुनियाच रूळ बदलते, आणि बदललेलं एकट्या नायकाच्या ध्यानात राहतं. सुरुवातीचे भाग जरा रेंगाळतात, तेवढा धीर धरा. पुढं मायुरी नावाच्या मैत्रिणीचा जीव वाचवायला तो पुनःपुन्हा मागं जातो, तिथून मालिका सोडवत नाही. शेवट सांगत नाही.

पण बघता बघता मला आठवले ते आपले जयंत नारळीकर. कोल्हापूरचा जन्म, जगभर नाव झालेला खगोलशास्त्रज्ञ. २० मे २०२५ रोजी पुण्यात गेले. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत त्यांनी पहिली विज्ञानकथा पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' या नावानं. आद्याक्षरं उलटी केलेली! नाव बघून बक्षीस द्यायला नको, म्हणून. बक्षीस मिळालंच.

त्यांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही गोष्ट अनेकांना ठाऊक असेल. सीबीएसईच्या अकरावीच्या मुलांना ती इंग्रजीत धडा म्हणून आहे. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे पुण्याहून मुंबईला येतात, तर तिथं ईस्ट इंडिया कंपनीचा अंमल अजून चालू! ग्रंथालयात जुनी पुस्तकं चाळताना त्यांना कळतं, की या दुनियेत मराठे पानिपत जिंकले आहेत. गोळी विश्वासरावांच्या कानाजवळून निघून गेली, एवढाच फरक. पुराव्याला बखरीचं एक फाटकं पान खिशात राहतं. दोन्ही दुनिया खऱ्या, असा शास्त्रीय तर्क नारळीकरांनी त्याला दिला आहे. जपानी मालिकेच्या कितीतरी आधी हे आपल्याकडं लिहून झालं होतं.

इथं माझं मन अडतं ते वेगळ्याच माणसापाशी. पानिपतचं जर-तर निघालं की आपण विश्वासरावांना वाचवतो, भाऊसाहेबांना परत आणतो. लोकांना भाऊसाहेब इतके हवे होते, की त्यांचा तोतया निघाला आणि त्यावर विश्वास ठेवणारेही मिळाले. इब्राहिमखान गारद्याचा तोतया निघाल्याचं माझ्या तरी वाचनात नाही.

इब्राहिमखान आधी निजामाच्या पदरी होता. फ्रेंच सेनानी बुसीच्या कवायतीत तयार झालेला. नंतर पेशव्यांकडं आला. १४ जानेवारी १७६१ रोजी मराठ्यांची डावी बाजू त्यानं धरली होती. हाताखाली आठ-नऊ हजार गारदी आणि तोफा. सकाळी समोरच्या रोहिल्यांना त्याच्याच पलटणींनी भाजून काढलं, आणि त्यातले बहुतेक तिथंच पडले. तो स्वतः जखमी होऊन शत्रूच्या हाती लागला. सुजाउद्दौल्याच्या नोकरीतल्या काशीराज पंडितानं हे सगळं जवळून पाहिलं आणि पुढं फारशीत लिहून ठेवलं. अब्दालीच्या कैदेत इब्राहिमखानाचा अंत झाला. समोरचं सैन्य त्याच्याच धर्माचं होतं. तो मेला पेशव्यांच्या बाजूनं.

आणि आपल्या बोलण्यात 'गारदी' म्हटलं की काय उभं राहतं? ३० ऑगस्ट १७७३, शनिवारवाडा आणि "काका, मला वाचवा". त्या मारेकऱ्यांचा म्होरक्या सुमेरसिंग होता, हेही कुणाच्या फारसं ध्यानात नसतं. एका खुनानं तो शब्द कायमचा काळा केला आणि पानिपतावर पडलेले हजारो गारदी त्याखाली गाडले गेले.

गंगाधरपंतांची ती दुनिया खरी मानली, तर तिथं इब्राहिमखान तोफा ओढत नर्मदा उतरून दक्षिणेत परतला असेल. खटाव-माणकडं एखादं गाव इनाम मिळालं असेल, नातवंडांनी मराठीत पोवाडे रचले असतील. त्या दुनियेतल्या शब्दकोशात 'गारदी' या शब्दापुढं काय अर्थ छापलाय, एवढं एक पान मला खिशात घालून आणायचं आहे.