लाहोरी दरवाज्यावरून दिसलेली दिल्ली

१८५७ चा पाठ शिकवताना आम्ही शिक्षक मेरठ, दिल्ली, कानपूर, झाशी ही नावे फळ्यावर लिहितो आणि तास संपतो. दिल्ली पडली, एवढे मुलांना कळते. पण दिल्ली पडली म्हणजे नेमके काय गेले, हे कळत नाही. ते मला एका चित्राने शिकवले.

मजहर अली खान या दिल्लीच्या चित्रकाराने १८४६ मध्ये लाल किल्ल्याच्या लाहोरी दरवाज्यावरून दिसणारे शहर चारही दिशांनी जलरंगांत उतरवले. पाच कागदांवरचे हे चित्र सुमारे पाच मीटर लांब आहे. १८४४ मध्ये दिल्लीतील इंग्रज अधिकारी थॉमस मेटकाफ याच्या प्रसिद्ध चित्रसंग्रहासाठीही याच कलावंताने काम केले होते.

चित्रात पश्चिमेकडे नजर टाकली की चांदनी चौक सरळ फतेहपुरी मशिदीकडे जाताना दिसतो. शहाजहानची मुलगी जहांआरा बेगम हिने हा चौक वसवला. त्या काळी रस्त्याच्या मधून कालवा वाहत असे. किल्ल्याजवळच्या पहिल्या टप्प्याला उर्दू बाजार म्हणत. उर्दू म्हणजे लष्करी छावणी! आमच्या जबानचे नाव तिथे रस्त्यालाच होते. डावीकडे जामा मशिदीचे घुमट उभे आहेत. पण चित्रकाराने केवळ घुमट रंगवले नाहीत. साध्या घरांची छपरे आणि भिंतीही त्याने तितक्याच निगुतीने काढल्या आहेत.

त्यानंतर अवघ्या ११ वर्षांत बंड झाले. इंग्रजांनी शहर पुन्हा घेतले आणि किल्ला व जामा मशीद यांच्यामधली दाट वस्ती पाडून मैदान केले. किल्ल्यातील बहुतेक महाल पाडून तिथे बराकी बांधल्या. फैज बाजारातील अकबराबादी मशीद जमीनदोस्त झाली. कुरआनचा उर्दू तर्जुमा करणारे शाह अब्दुल कादिर याच मशिदीत राहत. जामा मशीद मुसलमानांना १८६२ मध्ये परत मिळाली. विकली गेलेली फतेहपुरी मशीद मिळायला १८७७ साल उजाडले. चौकातला कालवाही पुढे बुजला. गालिबने आपल्या पत्रांत या उद्ध्वस्त बाजारांची दुःखद नोंद केली आहे.

मजहर अली खानने मर्सिया लिहिला नव्हता. समोर नांदते शहर होते, ते त्याने प्रामाणिकपणे काढले, एवढेच. म्हणूनच आज त्याची साक्ष मोलाची ठरते. बादशहाचे नाव प्रत्येक पुस्तकात आहे. या चित्रकाराचे नाव आमच्या किती मुलांना ठाऊक आहे? आणि त्याचे हे चित्र पाहायचे तर लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीकडे बघावे लागते.

आता १८५७ चा पाठ झाला की मी मुलांना आपापल्या मोहल्ल्याचे चित्र काढायला सांगते. मशीद सगळेच काढतात. मी म्हणते, शेजारचे घर, नळ आणि पानाची टपरीही काढा. उद्या त्यांचीही साक्ष लागेल.