टॉर्पेडो: पाणतीर की पाणसुरुंग?

अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेच्या आरमारातील अ‍ॅडमिरल फॅरागटने दिलेला म्हणून एक हुकूम जगभर सांगितला जातो: टॉर्पेडो गेले खड्ड्यात, जहाजे पुढे काढा. मराठीत तो आणताना ‘पाणतीर’ हा शब्द चटकन सुचतो. तो वापरू नये. ५ ऑगस्ट १८६४ रोजी दक्षिणेतल्या मोबाइल बंदराच्या खाडीत फॅरागटवर एकही तीर सुटला नव्हता. त्याच्या वाटेत होते ते पाण्याखाली नांगरून ठेवलेले सुरुंग.

‘टॉर्पेडो’ मुळात लॅटिन. अर्थ बधिरपणा, आणि त्यावरूनच वाळूत दडून राहणाऱ्या, विजेचा झटका देणाऱ्या एका माशाचे नाव. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला रॉबर्ट फुल्टनने ते पाण्यातल्या दारूगोळ्याला दिले. नाव चपखल होते. मासा पाठलाग करत नाही, दबा धरून असतो.

फुटून निघालेल्या दक्षिणेला नेमके असेच हत्यार हवे होते. एप्रिल १८६१ मध्ये लिंकनने तिच्या किनाऱ्याची नाकेबंदी जाहीर केली. उत्तरेच्या आरमाराशी बरोबरी करण्याइतकी जहाजे दक्षिणेकडे नव्हती. मग बिअरची लाकडी पिंपे घेतली, त्यांना डांबर फासले, दोन्ही टोकांना लाकडी शंकू ठोकले, आत बंदुकीची दारू भरली आणि वर धक्क्याने पेटणारी टोपी बसवली. एवढ्या साध्या सामानापुढे लोखंडी चिलखतही टिकत नसे, कारण घाव पाण्याखालून बसे. मोबाइलला ‘टेकमसे’ ही चिलखती मॉनिटर नौका अशाच सुरुंगाने काही मिनिटांत तळाला गेली. नव्वदहून अधिक माणसे बुडाली. फॅरागट तरीही त्याच पट्ट्यातून गेला. बरेच सुरुंग पाण्यात राहून निकामी झाले होते, म्हणून तो निभावला. पण हे त्याला पुढे घुसताना नक्की ठाऊक असणे शक्य नव्हते, आणि त्या हुकमाचे मोल त्यातच आहे. ‘पाणतीर’ म्हटले की ते हरवते.

१८६६ मध्ये रॉबर्ट व्हाइटहेडने स्वतःच्या यंत्रावर धावणारा टॉर्पेडो बनवला. पुढे ‘टॉर्पेडो’ हे नाव या हत्याराकडे गेले. ‘पाणतीर’ शोभतो तो त्याला.

आता अडते ते ‘हन्ली’पाशी. हाताने दांडा फिरवून चालणाऱ्या दक्षिणेच्या या पाणबुडीने १७ फेब्रुवारी १८६४ च्या रात्री चार्ल्सटनबाहेर उत्तरेची ‘हाऊसाटोनिक’ ही युद्धनौका बुडवली आणि स्वतःही आठही माणसांसह गेली. तिचा टॉर्पेडो पुढे काढलेल्या लांब दांड्याच्या टोकाला होता. तो सुटत नव्हता, नांगरलेलाही नव्हता. त्याला मी ‘दांड्याचा सुरुंग’ म्हणेन.